पॉइन्सेटियाची उंची: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट

पॉइन्सेटियाची मुळं फुटलेली ६४० कलमं आज पंधरा सेंटिमीटरच्या कुंड्यांत गेली. चार बेंच, प्रत्येकावर १६० कुंड्या. एक आणि दोन नंबरवर उंच जाणारा वाण, तीन आणि चारवर आखूड. शेवटी कोकोपीट कमी पडलं, म्हणून दोन नंबरच्या सुरुवातीच्या ४० कुंड्यांत सालीचा भुगा असलेलं मिश्रण भरलं. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नोंद करून ठेवते.

कुंडी १४ सेंमी उंच, कार्टन आतून ४२ सेंमी. म्हणजे झाड कुंडीच्या काठापासून २४ ते २६ सेंमी हवं. २८ च्या वर गेलं की शेंडा झाकणाला टेकणार, आणि पॉइन्सेटियाची रंगीत पानं एकदा मुडपली की सरळ होत नाहीत.

आधीच्या हंगामाची वही मिळाली. उंचीबद्दल तिच्यात एकच ओळ आहे: 'पॅक्लो ३० पीपीएम, दोनदा.' पॅक्लो म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, झाड आखूड ठेवायचं औषध; पीपीएम हे औषध पाण्यात किती दाट कालवलं त्याचं माप. पण किती पाण्यातून, किती कुंड्यांवर, कुठल्या वाणावर, कधी, काहीच नाही. मावशी सांगतात, गेल्या खेपेला निम्मा माल बुटका आणि निम्मा कार्टनच्या बाहेर डोकावत होता. ती ओळ वाचल्यावर त्याचं नवल वाटत नाही.

१५ ऑगस्ट

प्रत्येक वाणाच्या बारा कुंड्यांना लाल दोरा बांधला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ह्याच कुंड्या मोजायच्या, काठावर आडवी पट्टी ठेवून तिच्यापासून वर. कुंडीतलं माध्यम पाण्याने खाली बसतं, त्यामुळे मातीपासून मोजलं तर झाड न वाढताच वाढल्यासारखं दिसतं.

भिंतीवर आलेखाचा कागद लावला. पॉइन्सेटियाची उंची अशी आलेखावर धरून ठेवायची पद्धत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या रॉयल हाइन्स यांच्या चमूने उत्पादकांपर्यंत नेली. शेवटी किती उंची हवी ते आधी ठरवायचं, शेंडा खुडल्याच्या दिवसापासून माल निघायच्या दिवसापर्यंत लांबट एस आकाराची रेघ काढायची आणि मोजलेले ठिपके त्या रेघेवर कुठे पडतात ते बघत राहायचं. सुरुवातीला वाढ रेंगाळते, मधे सरळ चढते, रंग धरल्यावर पुन्हा मंदावते. मी एकाऐवजी दोन रेघा काढल्या, २४ ची आणि २६ ची. ठिपका दोघींच्या मधे असला की पंपाला हात लावायचा नाही.

२७ ऑगस्ट

शेंडे खुडले. खाली सहा-सात पानं ठेवली. मावशींचा हात इतका बसलेला आहे की ६४० कुंड्या दुपारच्या आत संपल्या. उंची सरासरी ९ सेंमी. संध्याकाळी कुंड्या तीस-तीस सेंमीवर सरकवल्या.

सरकवायचं काम पुढच्या आठवड्यावर ढकलायचं चाललं होतं, त्यावर मी अडून बसले. कुंड्या खेटून राहिल्या की पानाला पान लागतं. शेजारच्या पानातून गाळून येणाऱ्या उजेडात लाल कमी आणि दूरचा लाल (फार-रेड, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) जास्त असतो. झाडाला तेवढी खूण पुरते, की बाजूला कुणीतरी आहे, आता उंच व्हा. मग पेर, म्हणजे दोन पानांमधला खोडाचा तुकडा, ताणलं जातं. ते ताणलेलं पेर पुढे कुठलंही औषध आखडून देत नाही. ही औषधं फक्त पुढची लांबी कमी करतात.

६ सप्टेंबर

बाजूचे फुटवे सेंटिमीटरभर. ठिपके रेघेवर. फवारणी नाही.

फवारणीचे दादा विचारत होते, "ताई, औषध मारलं की नेमकं होतं काय? झाड घाबरतं का?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

भाताचा एक जुना रोग आहे. त्यात रोपं फिकट, लांबुडकी होतात आणि कोलमडतात. जपानीत त्याला 'बाकानाए' म्हणतात, म्हणजे खुळं रोप. १९२६ साली एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी न घालता, बुरशी वाढवलेलं नुसतं गाळलेलं पाणी दिलं तरी रोपं तशीच लांबतात. म्हणजे बुरशी काहीतरी सोडते. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन नाव दिलं. पुढे कळलं की झाडं हेच जिबरेलिन स्वतःही बनवतात आणि पेरातल्या पेशी त्याच्यामुळे लांबतात. आपली औषधं झाडाच्या आतला हा कारखाना मधेच अडवतात. क्लोरमेक्वाट अगदी सुरुवातीच्या पायरीवर अडवतं, पॅक्लोब्युट्राझोल आणि युनिकोनाझोल मधल्या, डॅमिनोझाइड शेवटच्या. पानं तेवढीच येतात, पेरंही तेवढीच, फक्त पेरं आखूड राहतात. पेशी लहान राहिल्याने हरितद्रव्य दाटीने बसतं, म्हणून पान गडद दिसतं. दादा म्हणाले, "म्हणजे खुळेपणा कमी करायचं औषध." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

११ सप्टेंबर

फुटवे ३ ते ४ सेंमी. उंच वाणाचा ठिपका वरच्या रेघेवर चढला. आखूड वाण दोघींच्या मधे निवांत आहे, त्याला काही द्यायचं नाही.

एक आणि दोन नंबरवर क्लोरमेक्वाट १५०० पीपीएम. बाटली ११.८ टक्क्यांची, म्हणजे लिटरला १२.७ मिली. बेंच दहा मीटर लांब, दीड मीटर रुंद, १५ चौरस मीटर. दर चौरस मीटरला २०० मिली धरलं तर बेंचला ३ लिटर, दोघांना मिळून ६ लिटर. सूर्य कलल्यावर फवारलं. आधी पाणी देऊन झाडं टवटवीत करून घेतली होती. क्लोरमेक्वाट पानातून आत जातं, आणि थेंब जितका सावकाश वाळेल तितकं जास्त जातं. दुपारच्या उन्हात ते पानावरच मिठासारखं वाळून राहतं.

१७ सप्टेंबर

तीन नंबरवर गडबड. पहिल्या पाच ओळींतल्या २५ कुंड्यांच्या वरच्या कोवळ्या पानांना कडेने पिवळं वलय आलंय. शिरा हिरव्या, कडा लिंबासारख्या. तीन नंबरला तर आपण काहीच दिलेलं नव्हतं.

दादांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "उरलं होतं ताई, टाकायचं कसं? मारून टाकलं." सहाऐवजी साडेसात लिटर कालवलं होतं. उरलेलं दीड लिटर तीन नंबरच्या तोंडाशी रिकामं झालं. पंचवीस कुंड्या म्हणजे जेमतेम अडीच चौरस मीटर, तिथे अर्धा लिटर गेलं असतं तरी ते पूर्ण मापाचं होतं. ह्या पंचवीस कुंड्यांनी तिप्पट घेतलं, आणि तेही ज्या वाणाला मुळात नकोच होतं त्याने.

क्लोरमेक्वाटची ही खूण ओळखीची आहे. १५०० पीपीएमच्या वर गेलं की नवीन पानांवर पिवळं येतं. पण इथे तर पंपात १५०० च होतं, थेंबही वाढवला नव्हता. वाढलं ते पाणी. म्हणजे वहीतल्या त्या ओळीतला दोष हाच: पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, बस. झाडावर किती लिटर पडलं हे त्यात येतच नाही. भाजीत मीठ किती घातलं हे न सांगता नुसतं पाणी किती खारट होतं ते सांगण्यासारखं.

पिवळेपणा पुढची पानं आली की झाकला जाईल. ह्या कुंड्या मात्र आखूडच राहणार. दादांवर चिडण्यात अर्थ नाही. उरलेल्याचं काय करायचं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आजपासून मोजून कालवायचं आणि तरी उरलं तर लेबलवर सांगितल्याप्रमाणे विल्हेवाट, कुठल्याही बेंचवर नाही.

२२ सप्टेंबर

काळा कपडा सुरू. रोज १४ तास अंधार. पॉइन्सेटियाला फुलोरा धरायला रात्र लांब लागते.

कपडा संध्याकाळी पाचला ओढला तेव्हा आत ३१ अंश. रात्रीचं तापमान २२ च्या वर रेंगाळलं की फुलोरा लांबतो, आणि फुलोरा लांबला की झाड तेवढे जास्त दिवस उंच होत राहतं. उद्यापासून कपडा सातला, आणि अंधार पडल्यावर बाजूचे पडदे थोडे उघडायचे.

दुसरा बदल पहाटेचा. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितकी पेरं लांब. फरक उलटा केला, म्हणजे दिवस थंड आणि रात्र उबदार, तर पेरं आखूड. दिवसभर थंड ठेवणं आम्हाला शक्य नाही. पण झाड सर्वात जास्त ताणतं ते उजाडल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, तेवढ्यापुरतं तापमान पाडलं तरी बरंच साधतं. कपडा काढायच्या अर्धा तास आधी छतावरच्या खिडक्या उघडायच्या, आत चार अंश तरी उतरतात. ह्याला औषध लागत नाही, फक्त कुणालातरी लवकर उठावं लागतं. ते कुणीतरी मीच.

२९ सप्टेंबर

पहाटेच्या खिडक्यांनी चढण थोडी मऊ झालीय, पण उंच वाण १८ सेंमीवर आणि रेघ १५.५ वर. आता पॅक्लोब्युट्राझोल. यापुढे फार थांबता येणार नाही, उशिरा फवारलं तर रंगीत पानं लहान राहतात.

उंच वाणाच्या ३२० कुंड्यांचे चार भाग केले, प्रत्येकी ८०, साडेसात चौरस मीटर. बाटली ०.४ टक्क्यांची, ३० पीपीएमसाठी लिटरला ७.५ मिली.

क: ३० पीपीएम, दीड लिटर. औषध ४५ मिलिग्रॅम.
ख: १५ पीपीएम, तीन लिटर. औषध तेवढंच, ४५ मिलिग्रॅम.
ग: ३० पीपीएम, तीन लिटर. ९० मिलिग्रॅम.
घ: नुसतं पाणी, दीड लिटर.

क आणि ख एक नंबरवर, घ आणि ग दोन नंबरवर, ग अगदी टोकाला. भागांमधे दोघींनी प्लास्टिक धरून ठेवलं. घ भागावरून बराच वाद झाला. ऐंशी कुंड्या वाया घालवायच्या का, असा सूर होता. मी म्हटलं, न फवारलेलं झाड समोर नसेल तर फवारलेलं काय बोलतंय हे कळणारच नाही. आणि घ ला पुढे वाचवायची दुसरी वाट माझ्या मनात आहे.

पॅक्लोब्युट्राझोल पानातून फारसं कामाला येत नाही. ते देठातून, खोडातून आणि मुळांतून शिरतं आणि पाण्याच्या वाटेने फक्त वर जातं. पानावर पडलेलं पानातच अडकतं, शेंड्याकडे येत नाही. म्हणून नोझल वरून धरून पानं चकचकीत करण्यात काही हशील नाही, खोड ओलं झालं पाहिजे. दादांना हे पटवायला वेळ लागला. इतकी वर्षं पान नीट भिजलं की नाही हेच बघायला शिकवलेलं.

४ ऑक्टोबर

मोजलं. अजून काही सांगता येत नाही.

१३ ऑक्टोबर

आता येतं. सरासरी काठापासून: क २०, ख १९.६, ग १७.४, घ २२.५. रेघ १९.५ वर.

क आणि ख जवळपास सारखे. निम्म्या पीपीएमने दुप्पट पाणी मारलं आणि उंची तीच आली. ग मध्ये पीपीएम क इतकंच, पाणी दुप्पट, आणि झाड अडीच सेंमी खाली. वहीतली ओळ क लाही लागू होते आणि ग लाही. ख मध्ये कुंडीकुंडीतला फरकही कमी दिसला. जास्त पाण्याने खोडं सगळीकडून ओली झाली असावीत.

पण ग मधली खरी गोष्ट सरासरीत नाही. शेवटच्या दोन ओळींतल्या दहा कुंड्या बाकीच्यांपेक्षा ठेंगण्या आहेत, १४ सेंमी. पानं काळसर हिरवी, एकावर एक रचल्यासारखी, खोड दिसतच नाही. वाकून बेंचच्या पातळीवर डोळा नेला तर झाडांची रांग शेवटी पायरी उतरल्यासारखी खाली येते. ती पायरी नेमकी कुठे सुरू होते? जिथे दादा बेंचचं टोक गाठून पलीकडच्या बाजूला वळतात. वळताना पाय थांबतो, नोझल थांबत नाही. तेवढ्या चार-पाच सेकंदांत कुंडीच्या तोंडाशी ओघळ गेला आणि फवारणीची आळवणी, म्हणजे मुळाशी औषध ओतणं, झाली. खोडावरून जेवढं जातं त्यापेक्षा मुळांतून कितीतरी जास्त कामाला येतं.

दादांना तिथे उभं करून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या पायाचे ठसे आहेत हे." वळताना आता नोझल बंद. तीन नंबरला जाऊन जुन्या फवारण्यांचीही टोकं बघून आले म्हणाले.

१५ ऑक्टोबर

शेजारच्या शेडमधल्या कुंडीतल्या शेवंतीला डॅमिनोझाइड २५०० पीपीएम. ८५ टक्क्यांची भुकटी, लिटरला २.९ ग्रॅम. शेंडा खुडल्यावरचे फुटवे तीन सेंमीचे झालेत, हीच वेळ. पुन्हा दोन आठवड्यांनी.

हे औषध पॅक्लोब्युट्राझोलच्या बरोबर उलटं वागतं. पानातूनच जातं, मुळातून द्यायचं नसतंच, माध्यमात ते टिकत नाही. त्यामुळे इथे पान भिजवणं बरोबर, आणि दादा मनापासून खूष. जातं मात्र फार सावकाश, म्हणून संध्याकाळी मारलं आणि उद्या दुपारपर्यंत वरून पाणी बंद. ह्याच शेवंतीवर उद्या ताम्रयुक्त बुरशीनाशक ठरलेलं होतं, ते पुढे ढकललं. डॅमिनोझाइड आणि तांबं एकत्र आलं की पानं भाजतात.

एक जुनी आठवण ह्या औषधाला चिकटलेली आहे. हे एकेकाळी सफरचंदावरही मारत. आरोग्याच्या शंकांवरून गदारोळ झाला आणि १९८९ मध्ये अमेरिकेत खाण्याच्या पिकांसाठी त्याची विक्री थांबली. आता ते शोभेच्या झाडांपुरतंच. आपल्या शेडच्या एका कोपऱ्यात कुणीतरी हौसेने टोमॅटोची दोन रोपं लावली होती. ती आज बाहेर हलवली.

२० ऑक्टोबर

ग च्या टोकाच्या दहा ठेंगण्या कुंड्या. सोडून द्यायच्या की उतारा बघायचा? पाच कुंड्यांवर जिबरेलिन ४+७ (जिबरेलिनचेच दोन प्रकार) आणि बेन्झिलअ‍ॅडेनिन (वाढीचं आणखी एक संप्रेरक) यांचं मिश्रण, ३ पीपीएम, पानं ओली होतील इतपत. पाच तशाच ठेवल्या.

कारखाना बंद पडलाय तर माल बाहेरून आणून द्यायचा, एवढाच ह्यामागचा विचार. ह्या मिश्रणाला मला भीतीच वाटते. थोडं जास्त झालं तर आठवड्यात झाड हातातून निसटतं, आणि मग त्याला परत आखडायला काहीच उरत नाही. म्हणून एकदाच, कमी, आणि निदान आठवडा थांबायचं. दादांनी 'अजून एकदा मारू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं, हे आधीच लिहून ठेवते.

२४ ऑक्टोबर

घ भाग २५ सेंमी, रेघ २२.५. न फवारलेल्यांनी आपलं काम केलं, आता त्यांना थांबवायचं. फवारणीची वेळ गेली, पण आळवणीची आहे. उशिरा दिलेली हलकी आळवणी रंगीत पानांना फवारणीएवढी मारत नाही.

१ पीपीएम, कुंडीला १२० मिली. कुंडीत गेलेलं औषध ०.१२ मिलिग्रॅम. ८० कुंड्यांना ९.६ लिटर, म्हणून १० लिटर कालवलं, बाटलीतलं २.५ मिली. हे २.५ मिली मोजपात्राने मोजायचं नाही. पात्राच्या तळाशी अर्धा मिली इकडेतिकडे झाला तर पाचवा हिस्सा चुकतो. सुई काढलेल्या पाच मिलीच्या सिरिंजने मोजलं.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांना पाणी दिलं होतं. कोरड्या माध्यमात ओतलं तर ते एका बाजूने वाट काढून खालून निघून जातं. मावशी कप घेऊन एकेक कुंडी. कुंड्या आधी ट्रेमध्ये ठेवल्या होत्या, बेंचवर ओघळ नको म्हणून. खालून निथळलेलं थोडंसंच होतं.

२७ ऑक्टोबर

उतारा दिलेल्या पाच कुंड्या: १४.५ वरून १७. न दिलेल्या पाच: १५. एका आठवड्यात. दादांनी विचारलंच. नाही म्हटलं.

४ नोव्हेंबर

घ भागात काहीतरी चमत्कारिक दिसतंय. निम्म्या कुंड्या थांबल्या, २६.२. निम्म्या चालूच आहेत, २८.३. आधी वाटलं मावशींचा हात चुकला. त्या रागावल्या, "कपावर खूण करून मोजलंय, पोरी, डोळे मिटून नाही." त्यांचं बरोबर होतं. विभागणी हाताची नव्हतीच. थांबल्यात त्या कोकोपीटच्या आणि चालू आहेत त्या सालीच्या. १२ ऑगस्टची नोंद काढून कुंड्या ताडून बघितल्या, चाळिसातल्या चाळीस जुळल्या.

सालीचा भुगा ह्या गटातली औषधं धरून ठेवतो. मुळांपर्यंत कमी पोचतं. पीपीएम तेच, मिली तेच, कुंडी तीच, तरी झाडाच्या वाट्याला आलेलं वेगळं. सालीच्या कुंड्यांना डोस वाढवून द्यायला हवा होता. मला हे माहीत होतं. फवारणीच्या मापात मी इतकी गुंतले होते की ऑगस्टमध्ये स्वतःच लिहिलेली ओळ ऑक्टोबरमध्ये वाचली नाही. आता पुन्हा आळवणी करायला उशीर झाला.

११ नोव्हेंबर

रंग भरला. क, ख आणि घ ची रंगीत पानं पट्टीने मोजली तर फरक हाताला लागत नाही. ग ची लहान आहेत. दुरूनही कळतं, हिरव्यात लाल कमी दिसतो. उतारा दिलेल्या पाचांचा रंग जरासा फिका, पण आकार बरा.

तीन नंबरच्या त्या पंचवीस कुंड्यांचं पिवळं वलय आता खालच्या पानांत दडलंय. वरून बघणाऱ्याला कळणार नाही. उंची २० सेंमी. आखूडच म्हणायच्या, पण छान घट्ट झाल्यात. मावशींना त्याच सगळ्यात आवडतात. हे मी दादांना सांगणार नाही.

१८ नोव्हेंबर

नवीन हंगामाची बिगोनियाची रोपं ट्रेमध्ये पेरली होती. बारा ट्रेपैकी चार ट्रेमधली रोपं बसूनच आहेत. पानं बटणाएवढी, गडद, जाडसर, मधे चिकटलेली. खत तेच, पाणी तेच, बी एकाच पाकिटातलं. ट्रे उचलून खालचा टेकूचा ट्रे बघितला, त्याच्या कडेला माझ्याच अक्षरात खडूने लिहिलेलं अर्धवट पुसलेलं 'घ'.

आळवणीच्या वेळी कुंड्यांखाली ठेवलेले ट्रे. त्यांत थोडंसं निथळलं होतं, ते तिथेच वाळलं. नंतर नुसत्या पाण्याने विसळले आणि बिगोनियाखाली गेले. पॅक्लोब्युट्राझोल सहजासहजी नाहीसं होत नाही, प्लास्टिकवर चिकटून राहतं, आणि बिगोनियासारखं त्याला हळवं झाड शोधून सापडायचं नाही. खालून पाणी दिलं की ट्रेमधलं वर चढलं.

चारही ट्रे फेकले. घ चे बाकीचे ट्रे वेगळे काढून त्यांच्यावर न पुसणाऱ्या शाईने फुली मारली. ते आता फक्त पॉइन्सेटियासाठी. बिगोनियाच्या चार रोपांना मात्र एका कुंडीत लावून ठेवलंय. कधी सुटतात ते बघायचंय.

२५ नोव्हेंबर

माल निघाला. काठापासूनची शेवटची उंची: क २५.८, ख २५.३, ग २१.९, घ कोकोपीट २६.९, घ साल ३०.४. तीन आणि चार नंबर २४ च्या आसपास.

सालीच्या चाळीस कुंड्या कार्टनमध्ये बसल्या नाहीत. १४ अधिक ३०.४, झाकण अडीच सेंमी वर राहतं. त्या उघड्याच, वेगळ्या फळीवर ठेवून पाठवल्या. ग च्या ठेंगण्या पाच सोडल्या तर बाकी सगळं गेलं.

संध्याकाळी जुनी वही काढली. 'पॅक्लो ३० पीपीएम, दोनदा' ह्या ओळीखाली नवीन रकाने आखत होते: वाण, माध्यम, तारीख, पीपीएम, किती लिटर, किती चौरस मीटर, कुणी मारलं. दादा मागे उभे होते. म्हणाले, "ती ओळ माझी आहे, ताई. तेव्हाच्या साहेबांनी जेवढं सांगितलं तेवढं लिहिलं. पाणी किती हे मीही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही." मग पेन मागून घेतलं आणि क भागाच्या रकान्यात स्वतः लिहिलं: दीड लिटर, साडेसात चौ.मी., टोकाला नोझल बंद.